पेशीला आपली जागा कशी कळते?

कोंबडीने नुकतेच घातलेले फलित अंडे फोडले, तर पिवळ्या बलकावर साधारण चार मिलिमीटर रुंदीचा एक फिकट ठिपका दिसतो. पिल्लू होणार ते या ठिपक्यातून. पिवळा बलक, पांढरा बलक, कवच आणि कवचाखालचे पापुद्रे हा त्याच्या अन्नाचा, पाण्याचा आणि संरक्षणाचा साठा. अंडे बाहेर येते तेव्हा त्या ठिपक्याचे आयुष्य सुरू होऊन जवळपास एक दिवस उलटलेला असतो. फलन झालेली एक पेशी अंडनलिकेतून खाली सरकता सरकता, वरून कवच चढत असतानाच, दुभंगत राहते. एकीच्या दोन, दोनाच्या चार असे करत अंडे घालेपर्यंत त्या ठिपक्यात 20 ते 60 हजार पेशी झालेल्या असतात. मग अंडे थंड होते आणि काम थांबते. खुडूक कोंबडी त्यावर बसली, किंवा अंडे उबवणयंत्रात साधारण 37.5 अंश सेल्सिअसला ठेवले, की ते पुन्हा सुरू होते आणि एकविसाव्या दिवशी पिल्लू कवच फोडून बाहेर येते.

या एकवीस दिवसांत एक मोठा प्रश्न दडलेला आहे. त्या ठिपक्यातल्या सगळ्या पेशी एकाच पेशीच्या लेकी. प्रत्येकीच्या केंद्रकात जनुकांचा तोच संच आहे. तरी एकीच्या वंशात डोळ्याचे भिंग होते, दुसरीच्या वंशात हृदयाचा स्नायू, तिसरीच्या वंशात पायाचे नख. कामे वाटून देणारे कोणी तिथे नसते. मग आपण कोण व्हायचे, हे पेशीला कळते कसे? गेल्या दीडशे वर्षांच्या प्रयोगांतून मिळालेले उत्तर थोडक्यात असे आहे: पेशी आधी आपली जागा विचारते आणि मग मिळालेले उत्तर कायमचे लक्षात ठेवते. या दोन गोष्टी समजल्या की शरीर कसे घडते ते कळते, आणि ते कधी व का बिघडते तेही कळते.

आधी काय तयार होते?

हा प्रश्न आपल्याकडेही फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात गर्भाचा कोणता अवयव पहिल्यांदा तयार होतो यावर वेगवेगळ्या आचार्यांची मते दिली आहेत. कोणी म्हणतो डोके, कोणी हृदय, कोणी नाभी, कोणी हातपाय, कोणी धड. शेवटी धन्वंतरींचे मत येते: सगळे अवयव एकाच वेळी तयार होतात, पण फार सूक्ष्म असल्यामुळे सुरुवातीला दिसत नाहीत. त्यासाठी बांबूच्या कोंबाचा आणि आंब्याचा दाखला दिला आहे. पिकलेल्या आंब्यात गर, रेषा, कोय वेगवेगळ्या दिसतात. कोवळ्या कैरीत त्या असूनही वेगळ्या ओळखता येत नाहीत.

ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलने हाच प्रश्न अंडी फोडून पाहून सोडवायचा प्रयत्न केला. कोंबडीखालची अंडी वेगवेगळ्या दिवशी उघडून आत काय दिसते त्याची त्याने नोंद केली. तिसऱ्या दिवसाच्या सुमारास पांढऱ्या बलकात रक्ताच्या ठिपक्यासारखे हृदय हलताना दिसते, हे त्याने लिहून ठेवले आहे. अवयव एकामागून एक, क्रमाने घडतात असा त्याचा निष्कर्ष होता.

सूक्ष्मदर्शक आल्यावर वाद मिटायला हवा होता, पण तो उलट पेटला. इटलीच्या मार्चेल्लो माल्पिगीने 1670 च्या दशकात कोंबडीच्या भ्रूणाची अतिशय बारकाईने चित्रे काढली. नुसत्या डोळ्यांना न दिसणारे अवयव इतक्या लवकर दिसू लागल्यावर अनेकांना वाटले, की त्याहीआधी ते असणारच, फक्त आणखी लहान. 1694 मध्ये निकोलास हार्टसूकरने शुक्राणूच्या डोक्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या चिमुकल्या माणसाचे चित्र छापले. या मतानुसार घडणे असे काही नव्हतेच. होते ते फक्त मोठे होणे.

याला सर्वांत ठोस उत्तर दिले ते कास्पार फ्रीडरिश वोल्फ या तरुण जर्मन वैद्याने. 1759 मधल्या प्रबंधात आणि नंतर कोंबडीच्या आतड्यावरच्या अभ्यासात त्याने दाखवले, की पिल्लाचे आतडे सुरुवातीला नळी नसतेच. तो एक सपाट पडदा असतो. त्याच्या कडा खाली वळतात, एकमेकींना भेटतात, जुळतात आणि मग नळी होते. आतडे आधीपासून तयार असते, तर ते कितीही लहान असले तरी नळीच असायला हवे होते. एका सपाट पडद्याने शतकभराचा वाद निकालात काढला.

पुढे 1817 मध्ये क्रिस्टियान पांडर याने कोंबडीच्याच भ्रूणात तीन स्तर ओळखले. बाहेरच्या स्तरातून कातडी, पिसे, मेंदू आणि मज्जारज्जू होतात. मधल्यातून स्नायू, हाडे, रक्त, हृदय, मूत्रपिंडे. आतल्यातून आतड्याचे व फुप्फुसांचे अस्तर, यकृत, स्वादुपिंड. त्याचा मित्र कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर याने हेच स्तर इतर पृष्ठवंशी प्राण्यांतही दाखवले. मासा, बेडूक, कोंबडी, माणूस: सुरुवात सगळ्यांची याच तीन थरांतून.

पहिला दिवस: एक रेघ

हे तीन स्तर येतात कुठून? उबवणीच्या पहिल्या दिवशी त्या पातळ चकतीच्या एका टोकाकडून मध्यापर्यंत एक रेघ उमटते. तिला आद्यरेषा म्हणतात. रेघ काढलेली नसते. पेशी तिथे गर्दी करतात, खाली बुडी मारतात आणि आत शिरून बाजूंना पसरतात म्हणून ती दिसते. आधी आत गेलेल्या पेशींतून आतला स्तर, पाठोपाठ गेलेल्यांतून मधला, आणि वर राहिलेल्यांतून बाहेरचा. पेशीचे भविष्य ती रेघेच्या कोणत्या भागातून आणि कधी आत शिरली यावर ठरू लागते. शरीराला डोके-शेपूट, पाठ-पोट, डावे-उजवे या दिशा मिळतात त्या याच सुमारास.

रेघेच्या पुढच्या टोकाला पेशींची एक छोटी गाठ असते, हेन्सनची गाठ. तिचे महत्त्व कळायला आधी बेडकाच्या नात्यातल्या एका प्राण्याकडे जावे लागेल. जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये हान्स श्पेमान आणि त्यांची विद्यार्थिनी हिल्डे मांगोल्ड यांनी न्यूटच्या भ्रूणाचा एक बारीक तुकडा कापून दुसऱ्या न्यूटच्या भ्रूणाच्या पोटाच्या बाजूला बसवला. तिथे पोटाची कातडी व्हायची, त्याऐवजी दुसरे शरीर उगवले: मेंदू, पाठकणा आणि स्नायूंसह. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या दुसऱ्या शरीराचा बराच भाग बसवलेल्या तुकड्याचा नव्हता. यजमान भ्रूणाच्या, पोटाची कातडी होणार असलेल्या पेशींनीच शेजाऱ्याचे ऐकून मेंदू घडवला होता. 1924 मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी घरातल्या स्टोव्हच्या अपघातात भाजून हिल्डे मांगोल्ड वारल्या. त्या पंचविशीत होत्या. 1935 चे नोबेल पारितोषिक श्पेमान यांना मिळाले.

कोंबडीत हेच काम हेन्सनची गाठ करते, हे 1930 च्या दशकात कॉनराड वॉडिंग्टन यांनी दाखवले. या कथेचा एक धागा पुण्यात येतो. लीला मुल्हेरकर एडिंबरोला वॉडिंग्टन यांच्याकडे गेल्या, त्यांनी कोंबडीच्या भ्रूणात हेन्सनच्या गाठीच्या रोपणाचे प्रयोग केले आणि 1950 च्या दशकाच्या अखेरीस ते प्रसिद्ध झाले. परतल्यावर पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात त्यांनी कवचाबाहेर, काचेच्या बशीत भ्रूण वाढवून अभ्यासायची परंपरा रुजवली. हे तंत्र हातांची परीक्षा पाहणारे असते. बलकावरचा पातळ पडदा न फाटता सोडवायचा, काचेच्या कड्यावर ताणायचा आणि त्यावर भ्रूण जिवंत ठेवायचा. असे झाले, की काही तासांत घडणारे शरीर सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांसमोर घडताना दिसते.

दुसरा दिवस: दीड तासाचे घड्याळ

बाहेरच्या स्तराची मधली पट्टी आता जाड होते, तिच्या दोन्ही कडा उचलल्या जातात, मध्ये पन्हळ पडते आणि कडा जुळून नळी होते. ही मज्जानलिका, तिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू होतो. तिच्या दोन्ही बाजूंना मधल्या स्तराच्या पट्ट्या असतात आणि त्यांचे तुकडे पडू लागतात. हे कायखंड. त्यांतून मणके, बरगड्या आणि पाठीचे स्नायू होणार असतात. कायखंड डोक्याकडून शेपटीकडे, जोडीजोडीने तयार होतात, आणि कोंबडीत दर 90 मिनिटांना एक जोडी पडते.

ही वेळ कोण मोजते? 1997 मध्ये फ्रान्समध्ये इसाबेल पाल्मेरिम, ओलिव्हिए पुर्किए आणि सहकाऱ्यांनी कोंबडीच्या भ्रूणात एक जनुक असे शोधले, की ते या पट्टीतल्या पेशींमध्ये दर 90 मिनिटांनी चालू होते आणि बंद होते. प्रत्येक फेरीला एक कायखंड. शरीराचे समान तुकडे पाडायला पेशींनी लांबी मोजलेली नाही; वेळ मोजली आहे.

मणके सारखे पडले, तरी सारखे राहत नाहीत. मानेच्या मणक्यांना बरगड्या नसतात, छातीच्या मणक्यांना असतात. हॉक्स नावाच्या जनुकांचा संच डोक्यापासून शेपटीपर्यंत वेगवेगळ्या मेळाने चालू होतो आणि कोणता मणका कुठला, हे त्यावरून ठरते. कोंबडीच्या मानेत 14 मणके असतात, आपल्या मानेत 7. जनुके तीच, त्यांच्या सीमा वेगळ्या ठिकाणी पडतात. इथेच पेशीची स्मरणशक्तीही दिसते. छातीच्या जागचे कायखंड काढून दुसऱ्या भ्रूणाच्या मानेत बसवले, तर मानेतही बरगड्या उगवतात. त्या पेशींनी आपली जागा आधीच विचारून घेतलेली होती. आता नव्या जागेचे त्या ऐकत नाहीत.

याच दिवशी हृदयही धडधडू लागते. उबवण सुरू होऊन दीड दिवस होत आला, की डाव्या आणि उजव्या बाजूंनी आलेल्या दोन नळ्या मधोमध एकत्र येऊन एक हृदयनळी होते आणि ती आकुंचन पावू लागते. दोन्ही बाजूंना मध्ये येण्यापासून रोखले, तर भ्रूणात दोन हृदये होतात आणि दोन्ही धडधडतात. म्हणजे प्रत्येक अर्ध्याला संपूर्ण हृदय घडवता येत होते. शेजारी भेटल्यामुळेच ती अर्धी राहिली.

तिसरा दिवस: पंखाचा अंकुर

तिसऱ्या दिवशी धडाच्या दोन्ही बाजूंना लहान फुगवटे येतात. पुढची जोडी पंखांची, मागची पायांची. पेशीला आपली जागा कशी कळते याचे सर्वांत स्वच्छ उत्तर या अंकुरांनी दिले, आणि त्याचे श्रेय बहुतांशी अमेरिकेच्या जॉन सॉन्डर्स यांना जाते.

अंकुराच्या टोकावर कातडीची एक जाडसर कड असते. सॉन्डर्स यांनी 1948 मध्ये ती कापून पाहिली. कड लवकर कापली, तर पंखाचे फक्त खांद्याजवळचे हाड झाले, पुढचे काही नाही. उशिरा कापली, तर दंड आणि पुढचा हात झाला, बोटे तेवढी राहिली. म्हणजे ती कड पंखाला लांब वाढत ठेवते आणि पंख खांद्याकडून टोकाकडे क्रमाने घडतो. तिथून स्रवणारे एक वाढ-प्रथिन मण्यात भिजवून टोकाला बसवले, की कडेचे काम बऱ्याच अंशी भागते, हे 1990 च्या दशकात दिसून आले.

मग त्यांनी मांडी होणाऱ्या पेशींचा तुकडा काढून पंखाच्या टोकावर, कडेखाली बसवला. पंखाच्या टोकाला काय उगवले? पायाची बोटे, नखांसह. या एका निकालात दोन्ही गोष्टी आहेत. ‘आपण पायाच्या आहोत’ हे त्या पेशींना आठवत होते, म्हणून पंख झाला नाही. ‘आपण आता टोकाला आहोत’ हे त्यांनी नव्या जागेवरून ओळखले, म्हणून मांडी न होता बोटे झाली. एक उत्तर पक्के झालेले, दुसरे अजून विचारायचे राहिलेले.

पंखाला तीन बोटे असतात. कोणते पुढचे आणि कोणते मागचे, हे अंकुराच्या मागच्या कडेजवळचा पेशींचा पुंजका ठरवतो. तोच पुंजका दुसऱ्या भ्रूणातून आणून पुढच्या कडेलाही बसवला, तर आरशात दिसावी तशी बोटांची उलटी जोड उगवते. ब्रिटनचे लुईस वोलपर्ट यांनी 1969 मध्ये याची मांडणी केली: पेशीला तिच्याभोवतीच्या संकेताच्या कमीजास्त प्रमाणावरून आपले स्थान कळते. संकेत जवळून, म्हणजे दाट मिळाला तर एक बोट. लांबून, विरळ मिळाला तर दुसरे. 1993 मध्ये हा संकेत देणारे सॉनिक हेजहॉग हे जनुक हाती लागले. माणसाच्या हातातही हेच जनुक हेच काम करते. त्याला कुठे चालू व्हायचे हे सांगणारा डीएनएचा तुकडा जनुकापासून जवळपास दहा लाख अक्षरे दूर आहे. त्यात बदल झाला, तर जनुक अंगठ्याच्या बाजूलाही चालू होऊ शकते आणि बाळ जास्तीच्या बोटासह जन्माला येते. कोंबडीच्या पंखाने माणसाच्या हाताचे कोडे सोडवले, ते असे.

जाणाऱ्या पेशी, मरणाऱ्या पेशी

काही पेशी जिथे जन्मतात तिथे राहत नाहीत. मज्जानलिकेच्या कडा जुळतात तिथून एक गट सुटून साऱ्या शरीरभर निघतो. त्यांचा माग फ्रान्सच्या निकोल ल दुआरँ यांनी काढला. लावा पक्ष्याच्या पेशींचे केंद्रक कोंबडीच्या पेशींपेक्षा वेगळे ओळखू येते, हे त्यांनी हेरले आणि 1969 पासून लाव्याच्या भ्रूणाचे तुकडे कोंबडीच्या भ्रूणात बसवून कोण कुठे जाते ते पाहिले. चेहऱ्याची हाडे, आतड्याच्या भिंतीतल्या चेतापेशी, पिसांना रंग देणाऱ्या पेशी: सगळ्यांचे मूळ त्या एकाच कडेवर निघाले. अशा प्रयोगांतून पांढऱ्या पिल्लाच्या अंगावर लाव्याच्या रंगाच्या पिसांचा पट्टा उगवला.

घडण्यात मरणही असते. इटलीत 1938 च्या वंशवादी कायद्यांमुळे ज्यू असलेल्या रिटा लेव्ही-मोंटालचिनी यांना विद्यापीठाची दारे बंद झाली. महायुद्धाच्या काळात त्यांनी तूरीनमध्ये आपल्या झोपायच्या खोलीत प्रयोगशाळा थाटली आणि कोंबडीच्या भ्रूणांवर काम चालू ठेवले. पायाचा अंकुर काढून टाकला, तर त्या बाजूच्या चेतापेशी तयार होतात पण पुढे मरतात, असे त्यांना दिसले. ज्या अवयवाला जोडायचे, त्या अवयवाकडून जगण्याचा संकेत येतो. तो मिळाला नाही की चेतापेशी संपते. यातूनच चेता-वाढ घटकाचा शोध लागला आणि 1986 चे नोबेल मिळाले. नेहमीच्या वाढीतही मज्जारज्जूतल्या स्नायूंना जोडणाऱ्या चेतापेशींपैकी साधारण निम्म्या अशाच जातात. आधी जास्त करायच्या, मग जोडल्या गेलेल्या ठेवायच्या.

कोंबडीच्या पायाची बोटे सुटी होतात तीही मधल्या पेशी मरतात म्हणून. बदकात एक प्रथिन तो मरणाचा संकेत अडवते, त्या पेशी जगतात आणि बोटांमध्ये पडदा राहतो. आपल्याही हातांची बोटे गर्भात आधी जोडलेली असतात आणि याच रीतीने सुटी होतात.

उरलेले दिवस

पहिल्या आठवड्यात अवयवांची मांडणी बव्हंशी झालेली असते. नंतरचे दोन आठवडे प्रामुख्याने वाढीचे आणि अवयव कामाला लागण्याचे. या काळात भ्रूणाचा श्वास कवचाच्या हजारो सूक्ष्म छिद्रांतून चालतो. कवचाला आतून रक्तवाहिन्यांनी भरलेला एक पडदा चिकटतो आणि तो प्राणवायू आत घेतो. हाच पडदा कवच विरघळवून त्यातले कॅल्शियम पिल्लाच्या हाडांना पुरवतो. सांगाड्यातले बहुतांश कॅल्शियम कवचातून येते. कोंबडी चोचीने अंडी फिरवत असते, कारण न फिरवलेल्या अंड्यात भ्रूण कवचाच्या पापुद्र्याला चिकटू शकतो. उबवण केंद्रांतली यंत्रेही म्हणूनच अंडी दर काही तासांनी कलती करतात आणि अठराव्या दिवसाच्या सुमारास ते थांबवतात, कारण पिल्लू आता बाहेर पडण्याच्या पवित्र्यात यायचे असते. शेवटी ते अंड्याच्या रुंद टोकातल्या हवेच्या पोकळीत चोच घालते, फुप्फुसांनी पहिला श्वास घेते आणि चोचीवरच्या कठीण टोकाने कवच फोडते.

माणसाच्या बाळाची वेळ

कोंबडीच्या दुसऱ्या दिवशी जी मज्जानलिका मिटते, ती माणसाच्या गर्भात चौथ्या आठवड्याच्या अखेरीपर्यंत मिटते. पाळी चुकल्याचे बाईच्या लक्षात येते तेव्हा गर्भ साधारण दोन आठवड्यांचा झालेला असतो. म्हणजे दिवस गेल्याचे कळून, खात्री करून, डॉक्टरांकडे जाईपर्यंत नळी मिटण्याची वेळ बहुतेकदा सरत आलेली असते. ती खालच्या टोकाला उघडी राहिली, तर पाठकण्यात व्यंग राहते. डोक्याच्या टोकाला उघडी राहिली, तर बाळ जगत नाही.

वेळ किती नेमकी असते, हे जगाने थॅलिडोमाइडच्या शोकांतिकेत पाहिले. 1957 मध्ये पश्चिम जर्मनीत विक्रीला आलेले हे औषध गरोदर बायकांनी मळमळीवर घेतले आणि 1961 मध्ये मागे घेतले जाईपर्यंत 10 हजारांहून अधिक मुले आखूड किंवा अपुऱ्या हातपायांनी जन्माला आली. धोका होता तो मुख्यतः गर्भधारणेनंतरच्या तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात, अवयवांचे अंकुर जागा विचारत असताना. त्यानंतर तेच औषध घेतलेल्या बायकांची मुले बहुधा अशा व्यंगातून वाचली.

याच ज्ञानाने वाचवलेही आहे. मज्जानलिकेचे व्यंग असलेले मूल आधी झालेल्या स्त्रियांवर सात देशांत घेतलेल्या चाचणीचे निष्कर्ष 1991 मध्ये आले. पुढच्या गर्भधारणेआधीपासून फॉलिक आम्ल घेतल्यास व्यंग पुन्हा होण्याचे प्रमाण 72 टक्क्यांनी घटले. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे, की मूल हवे असे ठरले त्या दिवसापासून गर्भाचे बारा आठवडे पूर्ण होईपर्यंत रोज 400 मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल घ्यावे. आधी असे मूल झाले असल्यास मात्रा जास्त लागते आणि ती डॉक्टरांनी ठरवावी.

आपल्याकडे गर्भारपणाची काळजी बातमी कळल्यावर सुरू होते. डोहाळे, ओटीभरण, पौष्टिक लाडू हे सारे प्रेमाने होते, पण तोवर पाठकण्याचा निर्णय होऊन गेलेला असतो. पेशी एकदा जागा विचारते आणि मग ते उत्तर जन्मभर पाळते. म्हणून त्या उत्तराला आवश्यक असलेली ही लहानशी, स्वस्त गोळी मुलाचा विचार सुरू होतो त्याच महिन्यात घरात आली पाहिजे, आणि ही गोष्ट प्रत्येक मुलीला लग्नाआधी ठाऊक असली पाहिजे.